नवमार्क्सवाद : नेमकी कुठली फळी काढली आणि कुठली बसवली?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

मार्क्सनंतर त्याचा सिद्धान्त दुरुस्त करू पाहणाऱ्या सगळ्यांसाठी मराठीत 'नवमार्क्सवाद' हा शब्द पोत्यासारखा वापरला जातो. इटलीचा ग्राम्शी, जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या समाजसंशोधन संस्थेतले 'फ्रँकफर्टवाले', फ्रान्सचा अल्थुसर, अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ बारान-स्वीझी, आंद्रे गुंदर फ्रँक, कोहेन, सगळ्यांना आत कोंबायचं आणि वर 'संस्कृतीला महत्त्व देणारे मार्क्सवादी' अशी चिठ्ठी डकवायची. स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये तर हे सर्रास चालतं. ही चिठ्ठी निम्म्या लोकांना लागूच पडत नाही. बारान आणि स्वीझी उघडून बघा, तिथं संस्कृतीपेक्षा अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचे तक्ते जास्त सापडतील.

अभ्यासगटासाठी मी एक साधी पद्धत सुचवतो. प्रत्येक पंथाला तीन प्रश्न विचारायचे. मार्क्सचं कुठलं गृहीत किंवा भाकीत अडलं? तिथं यांनी काय बदललं? आणि त्या बदलापायी मूळ सिद्धान्तातलं काय हातचं गेलं? तिसरा प्रश्न बहुतेक पुस्तकं गाळतात, आणि खरी गंमत तिथंच आहे.

ढोबळ सुरुवात करून देतो. 1917 ची क्रांती जर्मनीत न होता रशियात झाली, आणि पुढच्या सहा वर्षांत जर्मनी, हंगेरी, इटली इथले उठाव फसले. त्यातून लुकाच, कोर्श, ग्राम्शी आले. 1933 ला जगातली सगळ्यात संघटित कामगार चळवळ हिटलरपुढे कोलमडली, तो फ्रँकफर्टचा प्रश्न. दुसऱ्या महायुद्धानंतर भांडवलशाही कोसळायच्या ऐवजी गुबगुबीत झाली, तो बारान-स्वीझींचा. वसाहती स्वतंत्र झाल्या तरी मागासच राहिल्या, तो परावलंबन सिद्धान्ताचा. 1956 ला स्टॅलिनवर टीका करणारं क्रुश्चेव्हचं गुप्त भाषण आणि हंगेरीतले सोव्हिएत रणगाडे, यातून इंग्रज इतिहासकार थॉम्पसन एका दिशेला गेला आणि अल्थुसर बरोबर उलट्या. शिवाय 1894 पासून लोंबकळणारं एक गणित आहे, त्यावर कुणीतरी जाणकाराने लिहावं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कुणाच्या हातात कुठला मार्क्स होता? 1844 ची हस्तलिखितं छापून आली 1932 साली. 'ग्रुंड्रिस', म्हणजे 'भांडवल'च्या आधीचा मार्क्सचा खर्डा, मॉस्कोत 1939 ते 41 मध्ये आलं, पण युद्धाच्या धामधुमीत ते कुणाच्या हाती लागलं नाही. सहज मिळू लागलं ते 1953 च्या बर्लिन आवृत्तीनंतर. म्हणजे 1923 मध्ये लुकाचने वस्तूकरणाचा (माणसांमधले संबंध वस्तूंसारखे दिसू लागण्याचा) सिद्धान्त मांडला तेव्हा परात्मतेवरचा (श्रमातून माणूस स्वतःपासून तुटण्यावरचा) तरुण मार्क्स त्याने वाचलेलाच नव्हता. 'भांडवल'च्या पहिल्या प्रकरणातल्या वस्तुपूजेच्या भागावरून त्याने तो काढला. बक्षीस काय मिळालं? 1924 च्या कॉमिन्टर्न (मॉस्कोतली आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटना) अधिवेशनात तिचा अध्यक्ष झिनोव्हिएव्हने त्याची आणि कोर्शची जाहीर हजेरी घेतली.

तळघर

तिसरा प्रश्न आवडला. ग्राम्शीपासून घेऊ, कारण सगळ्यात जास्त घोळ त्याच्याबाबतीत होतो.

अटक 8 नोव्हेंबर 1926. 1928 ला शिक्षा, 20 वर्षं 4 महिने 5 दिवस. लिहायची परवानगी मिळून पहिली वही सुरू झाली फेब्रुवारी 1929 मध्ये, तूरीच्या तुरुंगात. एकूण 33 वह्या, त्यातल्या चार नुसत्या भाषांतराच्या. मृत्यू 27 एप्रिल 1937. हे पुस्तक नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करा. 1948 ते 51 मध्ये इटलीत विषयवार सहा खंड काढले, त्यात नोंदी उचलून नव्या क्रमाने लावल्या होत्या. वह्यांच्या मूळ क्रमाची चिकित्सक आवृत्ती जेर्रातानाने 1975 मध्ये काढली. त्याने नोंदींचे तीन प्रकार पाडले : 'अ' म्हणजे पहिला खर्डा, जो ग्राम्शीने पुढे काट मारून पुन्हा लिहिला, 'ब' म्हणजे एकदाच लिहिलेली, 'क' म्हणजे सुधारून उतरवलेली. आपण सगळे जी 1971 ची इंग्रजी निवड वाचतो ती मुख्यतः 'क' नोंदींची, विषयवार लावलेली आहे. त्यामुळे विचार सुबक वाटतो, पण तो कसा बदलत गेला ते दिसत नाही.

उपाय सोपा आहे. उद्धृत करताना पानाचा आकडा न देता वही आणि परिच्छेद द्या. मॅकियाव्हेली वही 13, बुद्धिवंत वही 12, फोर्डिझम वही 22, दलित-अंकित गट वही 25. आवृत्ती कुठलीही असो, परिच्छेद सापडतो.

आता नेहमीची चूक. धुरीणत्व (हेजेमनी) म्हणजे 'वर्तमानपत्रं आणि शाळांनी केलेलं ब्रेनवॉशिंग' असं सांगितलं जातं. वही 13 मध्ये ग्राम्शी साफ म्हणतो की नेतृत्व करणाऱ्या गटाला अंकित गटांच्या हिताची दखल घेऊन आर्थिक बाबतीत काही सोडावं लागतं, आणि धुरीणत्व नैतिक-राजकीय असलं तरी ते आर्थिकही असलंच पाहिजे. म्हणजे संमती फुकट मिळत नाही, किंमत मोजून विकत घ्यावी लागते. ही अट काढली की ग्राम्शीचा मुद्दाच संपतो, उरते ती प्रचारयंत्रणेबद्दलची कुरकुर.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर : राज्यसंस्था नेमकी कुठं संपते याचा ठाव त्याच्याकडे लागत नाही. कधी संमती नागरी समाजात आणि बळ राज्यात, कधी दोन्ही दोन्हीकडे, कधी राज्य म्हणजेच राजकीय समाज अधिक नागरी समाज. पेरी अँडरसनने 1976 मध्ये ही तीन रूपं वेगळी करून दाखवली. अभ्यासगटात भांडण झालं तर निम्म्या वेळा दोघं दोन वेगळ्या रूपांबद्दल बोलत असतात.

शब्दखुणा

'अंकित' छान. पण hegemony साठी मराठीत 'वर्चस्व' वापरणाऱ्यांचं काय करायचं?

तळघर

आधी तो शब्द देवनागरीत लिहा राव. :) 'वर्चस्व' टाळावं. त्यात नुसती दांडगाई येते, आणि ग्राम्शीला दांडगाईपासून वेगळी गोष्ट दाखवायची आहे. त्याचा शब्दांचा जोड 'दोमिनिओ' आणि 'दिरेत्सिओने' असा आहे, एक हुकमत, दुसरं नेतृत्व. 'धुरीण' म्हणजे धुरेला असलेला, पुढं जाऊन गाडा ओढणारा. म्हणून 'धुरीणत्व' दुसऱ्या अर्थाला जवळ जातं. जिथं तो स्वतःच शब्द सैल वापरतो तिथं तळटीप द्यावी, शब्द बदलू नये. आणि वही 25 मधल्या 'सबाल्टर्न' गटांना सरसकट 'दलित' म्हणू नका. मी वर 'दलित-अंकित' लिहिलं तेसुद्धा चुकलंच. महाराष्ट्रात 'दलित'ला स्वतःचा राजकीय इतिहास आहे, तो वही 25 मध्ये नाही.

आकडेमोड

1894 चं लोंबकळणारं गणित माझ्याकडे. वही-पेन घ्या, किंवा सरळ एक्सेल उघडा.

अडचण अशी. मार्क्सच्या पहिल्या खंडात वस्तू त्यांच्यातल्या श्रमाच्या प्रमाणात विकल्या जातात. वरकड मूल्य, म्हणजे मजुराने आपल्या मजुरीपेक्षा जास्त निर्माण केलेलं मूल्य, फक्त चल भांडवलातून, म्हणजे मजुरीवर लावलेल्या पैशातून निघतं; यंत्रं-कच्च्या मालावरचं ते स्थिर भांडवल. मग यंत्रं जास्त आणि मजूर कमी असलेल्या धंद्यात नफ्याचा दर कमी पडायला हवा. प्रत्यक्षात स्पर्धेमुळे दर सारखा होतो. तिसऱ्या खंडात मार्क्सचं उत्तर असं की एकूण वरकड मूल्य एका पातेल्यात ओतलं जातं आणि भांडवलाच्या प्रमाणात वाढलं जातं. एंगल्सने हा खंड 1894 ला छापला, 1896 ला ब्योम-बाव्हेर्कने हल्ला चढवला, आणि 1907 ला बोर्टकीविचने चूक नेमकी कुठं आहे ते दाखवलं. स्वीझीने 1942 मध्ये ते इंग्रजी वाचकांपुढे आणलं. उदाहरण तेव्हापासून ठरलेलं आहे :

पहिला विभाग (उत्पादन साधनं) : स्थिर 225, चल 90, वरकड 60, एकूण 375
दुसरा विभाग (मजुरांच्या गरजा) : स्थिर 100, चल 120, वरकड 80, एकूण 300
तिसरा विभाग (चैनीच्या वस्तू) : स्थिर 50, चल 90, वरकड 60, एकूण 200

उभी बेरीज : स्थिर 375, चल 300, वरकड 200, सगळं मिळून 875. शोषणाचा दर (वरकड भागिले चल) तिन्हीकडे दोन-तृतीयांश, म्हणजे 66.7 टक्के. आडव्या-उभ्या बेरजा जुळतात बघा : साधनं 375 ची बनली, 375 ची लागली. साधं पुनरुत्पादन.

मार्क्सची रीत : नफ्याचा दर 200 भागिले 675, म्हणजे 29.6 टक्के. तो प्रत्येक विभागाच्या खर्चावर लावा. किमती येतात 408.3, 285.2 आणि 181.5. बेरीज 875, एकूण नफा 200. दोन्ही बेरजा जुळल्या, टाळ्या. पण थांबा. पहिल्या विभागाचा माल आता 408.3 ला विकला जातोय, आणि तिन्ही विभागांनी तोच माल 375 ला विकत घेतलाय! विकताना नवी किंमत, घेताना जुनं मूल्य. मजुरांचा माल 285.2 चा, मजुरी मात्र 300 ची. हिशेबाच्या वहीत जमेला एक भाव आणि नावे दुसरा.

बोर्टकीविचने घेतलेल्या मालालाही नव्या किमती लावल्या. साधनांना 1.28 ने गुणा, मजुरांच्या मालाला 16 भागिले 15 ने, चैनीच्या मालाला 1 ने. आता :

पहिला : 288 + 96 + नफा 96 = 480
दुसरा : 128 + 128 + नफा 64 = 320
तिसरा : 64 + 96 + नफा 40 = 200

दर तिन्हीकडे 25 टक्के. खरेदी-विक्री जुळते. एकूण नफा 200, वरकड मूल्याइतकाच. पण एकूण किंमत 1000, मूल्य 875. ती जुळवायला सगळं 0.875 ने गुणलंत तर नफा 175 होतो. दोन बेरजांपैकी एकच हाती लागते. हीच ती प्रसिद्ध खोच.

उंबरठा

म्हणजे मार्क्स चुकला म्हणायचं की अर्धवट राहिला?

आकडेमोड

माझ्या मते अर्धवट राहिला, आणि त्याला हे माहीत होतं. खर्चाची किंमतही बदलते असं त्याने त्याच भागात लिहून ठेवलंय. अन्वर शेखने 1977 मध्ये दाखवलं की मार्क्सची रीत ही पहिली पायरी धरून तीच पुन्हा पुन्हा फिरवली तर बोर्टकीविचच्या उत्तरापाशी पोचता येतं. एकूण किंमत 875 वर धरून करून बघा. दुसऱ्या फेरीत दर 26.2 टक्के, तिसरीत 25.3, चौथीत 25.1. पाचव्या फेरीनंतर कंटाळा येईल, पण 25 कडे जातोय हे दिसेल.

एक्सेलमध्ये हमखास होणारी चूक : किमतीचे गुणक फक्त स्थिर भांडवलाच्या रकान्याला लावले जातात, मजुरीचा रकाना तसाच राहतो. मग दर भलत्याच आकड्यावर अडकतो. दुसरी चूक, दर काढताना नफ्याच्या जागी जुनं वरकड 200 धरणं. नफा म्हणजे त्या फेरीतली एकूण किंमत वजा त्या फेरीतला एकूण खर्च.

सॅम्युएलसनने 1971 मध्ये खवचटपणे म्हटलं की ही रीत म्हणजे मूल्यं लिहा, खोडरबर घ्या, पुसा आणि किमती लिहा. विनोद झोंबणारा आहे. कारण इटालियन अर्थशास्त्रज्ञ स्राफाने 1960 मध्ये मूल्यं न लिहिताच किमती काढून दाखवल्या होत्या. त्याचं उदाहरण : 280 माप गहू आणि 12 टन लोखंड लावून 575 माप गहू, 120 माप गहू आणि 8 टन लोखंड लावून 20 टन लोखंड. एक टन लोखंड 15 माप गव्हाला धरा. गव्हाचा खर्च 280 + 180 = 460, त्यावर 25 टक्के, 575. लोखंडाचा खर्च 120 + 120 = 240, त्यावर 25 टक्के, 300, म्हणजेच 20 टन. जुळलं. श्रमाचा एक तासही मोजावा लागला नाही. स्टीडमनने 1977 मध्ये यावरून निष्कर्ष काढला की शोषण दाखवायला वरकड श्रम चालतील, पण किमतीसाठी श्रममूल्य अनावश्यक. स्राफा पंथात काय हातचं गेलं ते यातच आलं.

पाटीपेन्सिल

अवांतर, पण सांगायलाच हवं : हाच स्राफा ग्राम्शीचा मित्र. ग्राम्शी तुरुंगात गेल्यावर स्राफाने मिलानच्या पुस्तकाच्या दुकानात ग्राम्शीच्या नावे खातं उघडून दिलं, आणि ग्राम्शीची मेहुणी तातियाना शुख्तमार्फत पत्रव्यवहार चालू ठेवला. 'संस्कृतीवाला' आणि 'गणितवाला' अशी वाटणी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

ओसरी

वाचनखूण साठवली. फ्रँकफर्टबद्दल लिहितो/लिहिते (ओळख गुलदस्त्यात).

'फ्रँकफर्टवाले म्हणजे जॅझला नावं ठेवणारे खिन्न प्राध्यापक' हा समज अडोर्नोमुळे झाला. संस्थेची स्थापना 1923 ची. पैसा फेलिक्स वाइलचा, म्हणजे त्याच्या वडिलांनी अर्जेंटिनात धान्याच्या व्यापारात कमावलेला. पहिली काही वर्षं कामगार चळवळीचा इतिहास आणि अर्थशास्त्र हेच काम. 1930-31 ला हॉर्कहायमर संचालक झाला आणि मानसशास्त्र आत आलं.

इथं सगळ्यात कमी वाचला जाणारा आणि सगळ्यात शिकवणारा प्रकल्प आहे मानसशास्त्रज्ञ फ्रॉम आणि हिल्डे वाइस यांचा. 1929 पासून जर्मन कामगार आणि नोकरदारांना 3300 प्रश्नपत्रिका वाटल्या. प्रत्येकीत 271 प्रश्न. 'तुमचा पक्ष कोणता' हा एक, पण बाकीचे आडून : घरात भिंतीवर कुठली चित्रं, बायकांनी केस आखूड कापावेत का, मुलांना मार दिल्याशिवाय वाढवता येतं का. उत्तरं मोकळ्या शब्दांत घेतली, ठशीव पर्यायांत नाही. डाव्या पक्षाला मत देणारा माणूस घरात हुकूमशहा असू शकतो, ही शंका तपासायची होती. सुमारे 1100 भरून आल्या. निर्वासनाच्या धावपळीत गहाळ होत होत 584 उरल्या, आणि अहवाल छापला गेला 1980 मध्ये!

काय बिघडलं ते नीट बघा. 271 प्रश्न भरून परत पाठवणारा कामगार हा सरासरी कामगार नव्हे; तो वाचणारा, बहुधा संघटनेतला. त्यामुळे यावरून 'जर्मन कामगारवर्ग' असं बोलता येत नाही, फक्त 'परत पाठवणाऱ्यांपैकी' असं म्हणता येतं. शिवाय मोकळ्या उत्तरांना 'क्रांतिकारी' की 'अधिकारशरण' असं लेबल लावणारा संशोधक स्वतःच सिद्धान्त घेऊन बसलेला.

पुढे अमेरिकेत 1950 च्या अधिकारशाही व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात उलटी चूक झाली. तिथली एफ-मोजपट्टी (फॅसिझमकडचा कल मोजणारी) ठशीव विधानांची. पण सगळी विधानं एकाच दिशेची : 'सहमत' म्हटलं की अधिकारशाहीचे गुण वाढले. काही माणसं कुठल्याही विधानाला मान डोलावतात, त्यांनाही हुकूमशाहीचा कल असल्याचा शिक्का बसला. दुरुस्ती म्हणजे निम्मी विधानं उलटी लिहायची. आपल्याकडे प्रबंधांसाठी ही पट्टी मराठीत उतरवणाऱ्यांनी तरी हे करावं.

तिसरा प्रश्न : फ्रँकफर्टने क्रांतीचा कर्ता गमावला. कामगार नाही, तर मग कोण? मार्कुझने 1964 मध्ये बहिष्कृत आणि बाहेर फेकलेल्यांकडे बोट दाखवलं, अडोर्नोने कुणाकडेच नाही. जानेवारी 1969 ला विद्यार्थी संस्थेत घुसले तेव्हा पोलीस बोलावणारा अडोर्नोच होता.

परिघ

बारान-स्वीझींचा उल्लेख झाला म्हणून आकडा देतो. 1966 च्या पुस्तकात जोझेफ फिलिप्सच्या परिशिष्टात अमेरिकेचा 'वाढावा' राष्ट्रीय उत्पादनाच्या 46.9 टक्के (1929) वरून 56.1 टक्के (1963) वर गेलेला दाखवलाय. परीक्षेच्या उत्तरात मुलं लिहितात 'वरकड मूल्य 56 टक्के'. साफ चूक. यात मालमत्तेचं उत्पन्न तर आहेच, पण विक्री-जाहिरातीतला अपव्यय आणि सरकारी खर्चही धरला आहे. मजुराच्या पगारातून कापलेल्या करातून बांधलेली शाळाही यात 'वाढावा'. म्हणूनच त्यांनी शब्द बदलला. मक्तेदारीच्या काळात वाढावा निर्माण करणं सोपं, खपवणं अवघड, हे सांगण्यासाठी तो चालतो. शोषणाचा दर काढण्यासाठी नाही.

बारानच्या 1957 च्या पुस्तकातून परावलंबन पंथ निघाला. फ्रँकने 1967 मध्ये सूत्र पक्कं केलं : मागासपणा ही भांडवलशाहीच्या आधीची अवस्था नव्हे, तिनेच घडवलेली आहे. केंद्र परिघाचा वाढावा ओढून नेतं. मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. दादाभाईंच्या निःसारणाच्या मांडणीच्याही आधी, 1841 मध्ये, भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी 'बॉम्बे गॅझेट'मध्ये 'अ हिंदू' या सहीने लिहिलेल्या पत्रांत इंग्रजांनी संपत्ती ओढून नेल्याचा हिशेब मागितलाय. तेव्हा मार्क्स 23 वर्षांचा. अर्थात त्यांना नवमार्क्सवादी म्हणणं हास्यास्पद. तर्कातला धागा एक आहे, एवढंच.

फटका दिला लाक्लाऊने 1971 ला आणि ब्रेनरने 1977 ला. भांडवलशाही म्हणजे बाजारासाठी उत्पादन असं धरलं, की सोळाव्या शतकातला मेक्सिकोचा वेठबिगारही भांडवलशाहीतला मजूर ठरतो. मजुरी, मालकी, जबरदस्ती कशी होते हा मार्क्सचा मूळ प्रश्न गायब. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं याहून स्वच्छ उत्तर दुसऱ्या कुठल्याही पंथात नसेल.

बांध

याच प्रश्नावर भारतात जो वाद झाला तो विसरू नका. 1969 नंतर दशकभर, बराचसा मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त. शेतीत भांडवलशाही आली का? अशोक रुद्र म्हणाले पंजाबात भांडवली शेतकरी सापडत नाही, उत्सा पटनाईक म्हणाल्या तुमची मोजायची रीत चुकीची. 1976 मध्ये पटनाईकांनी दिलेला श्रमशोषणाचा निर्देशांक मात्र आजही गावात वापरता येतो.

रीत : एका घराचे वर्षाचे दिवस मोजा. बाहेरून लावलेली मजुरी वजा बाहेर केलेली मजुरी. त्यात खंडाने किंवा वाट्याने दिलेल्या जमिनीतून मिळालेल्या श्रमाचे दिवस मिळवा, घेतलेल्या जमिनीपोटी दिलेल्या श्रमाचे वजा करा. हे भागिले घरच्यांनी स्वतःच्या शेतात केलेली अंगमेहनत. देखरेख धरायची नाही. उत्तर 1 किंवा जास्त असेल तर धनिक शेतकरी, 0 ते 1 वरचा मध्यम, 0 ते उणे 1 खालचा मध्यम, उणे 1 किंवा खाली गरीब. घरचं कुणीच राबत नसेल तर भाजक शून्य, तो जमीनदार किंवा भांडवलदार.

समजा दोन घरं, दोघांची जमीन पाच-पाच एकर. एक बागायती : घरचे 200 दिवस, लावलेले 260. उत्तर 1.3, धनिक. दुसरं कोरडवाहू : घरचे 120, लावलेले 20, बाहेर केलेले 180. उणे 160 भागिले 120, म्हणजे उणे 1.33, गरीब. एकर सारखेच, वर्ग दोन टोकांचे. एकरांवरून वर्ग ठरवणाऱ्यांसाठी हे औषध.

कुठं फसतं? एक, सावड, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबणं. सावडीचे दिवस येणारे आणि जाणारे सारखेच, म्हणून ते कटायला हवेत. पण पाहणी करणारा फक्त 'तुमच्याकडे किती माणसं आली' विचारतो आणि घर विनाकारण वरच्या वर्गात ढकललं जातं. इर्जिकीचंही तेच. दोन, नोकरी. घरातला एक शिक्षक, शेतात घरचे फक्त 30 दिवस, मजूर 60 दिवस. उत्तर 2, कागदावर धनिक शेतकरी, प्रत्यक्षात सुट्टीतली शेती. भाजक लहान झाला की निर्देशांक फुगतो. तेव्हा उत्पन्नाचा रकाना शेजारी ठेवावाच.

आणि जात? ती या सूत्रात कुठंच बसत नाही.

शब्दखुणा

जातीवरून शरद पाटील आठवले नाहीत कुणाला? 1978 मध्ये माकप सोडून धुळ्याहून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला, 'मार्क्सवाद-फुले-आंबेडकरवाद' ही मांडणी दिली. त्यांचा दावा अल्थुसरपेक्षा धाडसी आहे : इंग्रज येण्याआधीच्या भारताला वर्गाच्या चौकटीत कोंबू नका, आधी वर्ण, मग जात, आणि वर्ग वसाहतकाळानंतरचा. पाया-इमल्याच्या चौकटीत जात इमल्यात टाकली की मुद्दा हुकतो असं ते म्हणतात.

तळघर

सहमत, पण आधी इतिहासकार दामोदर कोसंबी घ्यावेत. कम्युनिस्ट नेते डांग्यांनी 1949 मध्ये आदिम साम्यवाद, गुलामी अशा युरोपीय पायऱ्या वेदांवर बसवल्या, तेव्हा कोसंबींनी त्या पुस्तकाची परीक्षणात चिरफाड केली. ग्रीस-रोमसारखी गुलामगिरीची अवस्था भारतात नव्हती हे त्यांचं म्हणणं. पाटलांनी तर 'दास-शूद्रांची गुलामगिरी' हेच पुस्तकाचं नाव ठेवलं. दोघंही साच्याविरुद्ध, पण निष्कर्ष एकमेकांविरुद्ध. अभ्यासगटात ही जोडी एकाच बैठकीत लावा, रंगेल.

पाटलांच्या बाबतीत तिसरा प्रश्न : वर्ग जर वसाहतकाळानंतरचा, तर आधीच्या समाजातलं वरकड कोण कुणाकडून आणि कुठल्या वाटेने नेतं, ते वर्ण आणि जातीच्या भाषेत पुन्हा मांडावं लागतं. हे काम त्यांनी सुरू केलं, पुरं झालेलं नाही.

उंबरठा

अल्थुसर राहिला.

पाटीपेन्सिल

मुद्दाम मागे ठेवला. 1965 ची दोन पुस्तकं, 1845 ला मार्क्समध्ये ज्ञानशास्त्रीय फूट पडली हा दावा, 1970 चा विचारप्रणालीच्या राज्ययंत्रणांवरचा निबंध. निबंध वाचावाच. बाकीच्यातलं अतिनिर्धारण एवढंच घ्या : कुठलाही संघर्ष एकट्या आर्थिक कारणाने फुटत नाही, अनेक विसंगती एकावर एक रचल्या जातात. हातचं काय गेलं? माणूस. थॉम्पसनने 1978 मध्ये त्यावरूनच झोडपलं, थोडं गरजेपेक्षा जास्तच.

विश्लेषक मार्क्सवाद, म्हणजे कोहेन, रोमर, एल्स्टर, यांना एक वेगळा धागा लागेल. आकडेमोड, एक शंका. तुमच्या एकाच-बेरजेच्या खोचेवर 1980 च्या आसपास 'नवी व्याख्या' आली म्हणतात, ती याच आकड्यांवर कशी दिसते?

आकडेमोड

द्युमेनिल आणि फोली. त्यांचं म्हणणं, एकूण उत्पादनाची बेरीज जुळवायला जाऊच नका, स्थिर भांडवल दोनदा मोजलं जातं. फक्त नव्याने घातलेला श्रम आणि नवी भर जुळवा. आपल्या तक्त्यात नवा श्रम 300 + 200 = 500. किमतीत नवी भर : 1000 वजा 480, म्हणजे 520. एका श्रम-एककाला 1.04 रुपये. मजुरी 320 भागिले 1.04 = 307.7, नफा 200 भागिले 1.04 = 192.3. बेरीज 500, वरकड श्रम आणि नफा जुळले. पण शोषणाचा दर आता 200 भागिले 320, म्हणजे 62.5 टक्के झाला, सुरुवातीला 66.7 होता. कारण मजुरीचं मूल्य इथं मजुरांच्या मालात किती श्रम आहे यावरून न ठरता, हाती आलेल्या पैशावरून ठरतं. टीकाकार म्हणतात व्याख्येनेच जुळवलं, सिद्ध काय केलं? टीका रास्त आहे. पण राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांवर काम करायचं तर हीच रीत हाताशी येते.

एक्सेल उघडंच असेल तर शेवटचं करून बघा. तिसऱ्या विभागाचे सगळे आकडे दुप्पट करा : 100, 180, 120. मार्क्सच्या रीतीने दर 29.6 वरून 31.9 वर जातो. फेऱ्या घालत राहिलात तर मात्र पुन्हा 25 वरच येऊन थांबतो. चैनीच्या वस्तू कुणाच्याच उत्पादनात परत शिरत नाहीत, म्हणून त्यांच्यामुळे दर हलत नाही.

उंबरठा

केलं. पाचव्या फेरीला 25.0 आला. आधी दोनदा 23.2 वर अडकलो होतो, मजुरीचा रकाना लॉक राहिला होता.